तेहतीस, गार

"इथं सही करा," मॅनेजर म्हणाला आणि त्यानं कागद टेबलावरून पुढं सरकवला.

काटानं कागद उचलला नाही. बसल्या जागेवरून मान तिरकी करून वाचला. चालकाने वेगमर्यादा ओलांडल्यामुळे अपघात झाला. गाडी क्रमांक सातच्या टायरांची आदल्या दिवशी दुपारी नियमाप्रमाणे तपासणी झाली होती व हवेचा दाब योग्य होता. खाली त्याचं नाव, नावाखाली हुद्दा आणि हुद्द्याखाली पेन्सिलीची एक बारीक फुली. म्हाताऱ्याला सही कुठं करायची ते कळावं म्हणून.

"दाब योग्य होता हे कुणी ठरवलं?"

"फॉर्मवर आहे की. चारही चाकांना तीस."

"दुपारी दोन वाजता."

"दोन वाजता काय आणि चार वाजता काय? तीस म्हणजे तीस."

"तुम्ही तापानं फणफणलेले असताना मी थर्मामीटर लावला, तर तोच आकडा तुमचा रोजचा म्हणून लिहायचा का, साहेब?"

मॅनेजरनं पंख्याकडं बघितलं. पंखा होता, पण वारा गरमच येत होता. "काका, चार वाजता परिवहन खात्याच्या बाई चौकशीला येणार आहेत. गेलेला माणूस गेला. आता तुमची नोकरी का घालवताय?"

"गेलेला माणूस माझा साडू होता," काटा म्हणाला. "आणि वेग त्यानं उभ्या जन्मात ओलांडला नाही. तोंड ओलांडायचं त्याचं, गाडी नाही." तो उठला आणि कागद तिथंच टाकून बाहेर पडला.

कंपनीच्या गाड्यांच्या आवारात सगळे त्याला काटा म्हणत, तोंडावर काटाकाका. एक तर त्याच्या हातात कायम हवेचं मीटर असायचं, आणि दुसरं म्हणजे हा माणूस मीटरच्या काट्यासारखाच होता. जिथं थांबला तिथं थांबला. वरून कितीही टिचक्या मारा, उपयोग नाही. चिडका तर इतका, की नवा ड्रायव्हर आला की जुने त्याला आधी गाडीचे ब्रेक दाखवायचे आणि मग काटाकाकांपासून किती अंतरावर उभं राहायचं ते.

बावीस पांढऱ्या गाड्या. चाळीस किलोमीटरवरच्या कारखान्यात माणसं पोचवायची आणि पाळी संपलेली माणसं परत आणायची. मधला रस्ता सरळ, रुंद, उघडाबोडका. सावलीला एक झाड नाही. सव्वीस वर्षं काटा पहाटे पाचला आवारात यायचा. एकही चाक फिरायच्या आत, एकाही टायरवर ऊन पडायच्या आत, अठ्ठ्याऐंशी टायर आणि बावीस स्टेपन्या मोजायचा. लांबड्या वहीत पट्टीनं बावीस ओळी आखायच्या, ओळीत आकडे लिहायचे आणि प्रत्येक आकड्यापुढं एक शब्द: गार. तेहतीस, गार. तेहतीस, गार. म्हणजे टायर गार असताना मोजलं. गाडी चालली, ऊन लागलं, की आतली हवा फुगते आणि तोच काटा अडतीसवर जातो. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, टायर बनवणाऱ्यानं ते धरलेलंच असतं. पण लोकांना धीर कुठला? उन्हाळा आला की हवा सोड. आधी टायर तापलेला, त्यात हवा सोडली, की सकाळी गार झाल्यावर टायर बसलेला. बसलेला टायर रस्त्यावर जास्त वाकतो, वाकून वाकून जास्त तापतो आणि मग फुटतो. फुटला की लोक म्हणणार, बघा, हवा जास्त झाली होती.

हे सगळं काटानं सव्वीस वर्षांत किती जणांना सांगितलं असेल, त्याला गणती नाही. लोक हो म्हणायचे आणि कोपऱ्यावर जाऊन हवा सोडायचे.

सात नंबरची गाडी त्याच्या साडूची. त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आवारात त्याला रेडिओ म्हणत, कारण तो बंद व्हायचा नाही. मागं बसलेले झोपले तरी ह्याची गोष्ट चालूच. त्या दोघांचं एक ठरलेलं होतं. रोज सकाळी रेडिओ गाडी फाटकापाशी आणून थांबवायचा, काच खाली करायचा आणि विचारायचा, "साडूभाऊ, निघू का?"

काटा वहीतून डोकं वर न काढता म्हणायचा, "जा, मर तिकडं."

"वाढलं आयुष्य," असं म्हणून रेडिओ निघायचा. कुणी आपल्या मरणाचं बोललं की आयुष्य वाढतं म्हणतात ना, तसं. चौदा वर्षं रोज एकदा. "ह्या बेतानं मी तुम्हाला पोचवूनच जाणार बघा," असंही वर म्हणायचा. घरी जाऊन बायकोला सांगायचा, "आज तुझ्या भाऊजींनी मला फारच जोरात मर म्हटलं, दोन दिवस धरायला हवेत." ती हसायची. आदल्या दिवशी दोघं साडू भांडले असले, तर संध्याकाळी दारातच विचारायची, "म्हणाले का आज?"

मग हा नवा मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता, हे काटालाही मान्य होतं, आणि त्याचीच त्याला जास्त चीड यायची. वाईट असता तर दोन शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. ह्यानं आल्या आल्या पाहिलं की सकाळी हवेच्या पंपापाशी गाड्यांची रांग लागते आणि पाच-दहा मिनिटं उशीर होतो. त्यानं तपासणी दुपारी दोनला नेली. त्या वेळी गाड्या आवारात उभ्याच असतात, मग वेळ का घालवा? पंपाला कुलूप, किल्ली त्याच्याकडं, आणि तो येणार नऊला. छापील फॉर्म आले. उन्हाळा लागल्यावर नोटीस लागली: उष्णतेमुळे सर्व गाड्यांत हवा तीसच ठेवावी.

"साहेब, दुपारी दोनला तीस म्हणजे पहाटे पंचवीस," काटानं सांगितलं होतं.

"काका, मी माझ्या स्वतःच्या गाडीत उन्हाळ्यात तीस ठेवतो. माझे वडीलही तेच करायचे."

"मग तुमच्या वडिलांचं नशीब चांगलं."

हे बोलणं मॅनेजरला लागलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारची तपासणी त्यानं सुपरवायझरकडं दिली. सुपरवायझर तापलेल्या टायरच्या व्हॉल्व्हची पिन काडीनं दाबायचा, फुस्स आवाज यायचा, मीटर लावायचा, फॉर्मवर तीस लिहायचा. स्टेपनीसुद्धा सोडली नाही. काटा शेजारी उभा राहून शिव्या देत मोजायचा. फुस्स, एक. फुस्स, दोन. तरी तो पहाटे पाचला यायचाच. पंपाला कुलूप असलं तरी मीटर त्याचं स्वतःचं होतं आणि वहीही त्याचीच.

त्या दिवशी पहाटे सात नंबरचा मागचा डावा चोवीस निघाला. त्यानं पुन्हा मोजलं. चोवीस. पंपाचं कुलूप त्यानं दोनदा हिसडलं, लाथ मारली, अंगठा दुखावून घेतला. तेवढ्यात रेडिओ आला.

"मागचा डावा गेलाय. गाडी हलवायची नाही."

"अहो साडूभाऊ, नाक्यावर पाच माणसं उभी आहेत. काल उशीर झाला म्हणून साहेबांनी सगळ्यांदेखत झापलंय मला."

"झापू दे. नऊला किल्ली येईल, तेव्हा हवा भर आणि जा."

"नऊला? मग मला कायमचंच घरी बसवतील."

"आणि रस्त्यात फुटला म्हणजे? जीव गेला म्हणजे काय करशील?"

"मरत नाही हो मी," रेडिओ हसत म्हणाला. "तुमच्या कृपेनं बरीच वर्षं साठलीत."

काटाचं डोकं फिरलं. तो आवारात घुमेल असा ओरडला. थट्टा सुचते का, अक्कल गहाण टाकलीस का, बायकोपोरांचा तरी विचार कर, एका तरी माणसानं माझं ऐकावं म्हणून काय मी पाया पडू का तुमच्या? रेडिओनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नाक्यावरच्या पेट्रोल पंपावर भरून घेतो. शपथ. झालं?"

गाडी फाटकापाशी आली, थांबली. काच खाली झाली.

"निघू का?"

काटा वहीत लिहीत होता. मागचा डावा चोवीस, गार. पंप कुलपात. सांगितले, ऐकले नाही. पेनाचं टोक कागदात रुतत होतं.

"अहो, म्हणा की. उशीर होतोय."

काटानं डोकं वर केलं नाही. रागानं त्याच्या तोंडातून शब्दच फुटत नव्हता, आणि खरं सांगायचं तर फुटला असता तरी त्यानं तो अडवला असता. असू दे आज तसाच, कळू दे एकदा. रेडिओनं हॉर्न दोनदा हलकेच वाजवला, थोडा वेळ वाट पाहिली आणि निघून गेला.

नाक्यावरच्या पंपावर रांग होती, तो थांबला नाही. पहिली फेरी सुखरूप झाली. परतीच्या फेरीत, अकरा वाजता, ऊन डोक्यावर आल्यावर मागचा डावा फुटला. गाडी उलटली. मागची चौघं पाळी करून गाढ झोपलेली होती. हातपाय मोडून घेऊन का होईना, वाचली. वेग किती होता ते त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो दवाखान्यात पोचायच्या आत गेला. त्याला आता नऊ दिवस झाले होते.

चार वाजता चौकशी बसली. परिवहन खात्याच्या बाई पन्नाशीच्या होत्या, घामानं त्यांचा चष्मा सारखा घसरत होता. एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला काटा, आणि दाराजवळच्या खुर्चीत रेडिओची बायको. तिचा जबाब आधीच झाला होता. यजमान गाडी जोरात चालवायचे का, असं विचारलं होतं आणि ती नाही म्हणाली होती. बायकोनं दुसरं काय म्हणायचं, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मॅनेजरनं छापील फॉर्म पुढं ठेवले. तीस, तीस, तीस, तीस. सुंदर अक्षर, खाली शिक्का. काटानं आपली वही ठेवली. तेलाचे डाग, मुडपलेले कोपरे.

बाईंनी पानं उलटली. "ह्यात प्रत्येक आकड्यापुढं 'गार' लिहिलंय. हे काय आहे?"

काटानं तोंड उघडायच्या आत मॅनेजर म्हणाला, "तेच दाखवणार होतो, मॅडम. ते रोजचं हवामान लिहितात. आता बघा, त्या दिवशी चव्वेचाळीस डिग्री तापमान होतं आणि ह्यांनी लिहिलंय गार. आदल्या दिवशीही गार. सबंध उन्हाळाभर गार. अशा वहीवर विश्वास कसा ठेवायचा?"

काटाला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. हा माणूस आठ महिने ती वही येता-जाता बघत होता. आठ महिने त्याला वाटत होतं की म्हातारा हवामान लिहितो.

"हवामान," काटा म्हणाला. त्याचा आवाज चमत्कारिक निघाला. "साहेब, एकदा विचारायचं होतंत. एकदा. 'काका, हे गार म्हणजे काय हो,' एवढंच. चार शब्दांत सांगितलं असतं आणि तो माणूस आज घरी असता." मग तो बाईंकडं वळला आणि एका दमात सगळं सांगितलं. चाक फिरायच्या आत मोजायचं ते खरं माप. तापल्यावर दिसतो तो फुगवटा. फुगवट्यातून कापलं तर मुळातलं जातं. बोलताना तो टेबलावर मीटर आपटत होता आणि कुणी त्याला थांबवलं नाही.

"हे मी तुमच्या शब्दावर कसं लिहू?" बाई म्हणाल्या. चेष्टेनं नाही, सरळच विचारलं.

"माझ्या शब्दावर लिहूच नका. आत्ता खाली चला, गाड्या तापलेल्या आहेत, तुमच्या हातानं मोजा. मग व्हॉल्व्हवर तुमची चिकटपट्टी लावा, सही करा. आणि उद्या पहाटे पाचला या."

बाईंनी घड्याळ पाहिलं, चष्मा वर सारला आणि उठल्या. तीन गाड्या मोजल्या. तीस, तीस, तीस. चिकटपट्ट्या लावून त्यांनी प्रत्येकीवर सही केली.

बाई गेल्यावर काटा मेहुणीला सोडायला तिच्या घरापर्यंत गेला. दारात चपलांच्या खणात रेडिओचे बूट अजून तसेच होते. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि समोर बसली.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी म्हणाला होतात का त्यांना?"

काटानं पाण्याकडं पाहिलं. हा प्रश्न येणार हे त्याला नऊ दिवस माहीत होतं. बायकोनं परवाच सांगून ठेवलं होतं, "विचारलं तर हो म्हणा, तुमचं काय जातं?" खरंच, काय जात होतं? एक शब्द.

"नाही," तो म्हणाला. "रागात होतो. त्यानं दोनदा विचारलं. मी मान वर केली नाही."

तिनं तांब्या बाजूला सारला. मग तिचा आवाज चढला. नऊ दिवसांत पहिल्यांदा चढला.

"मग खोटं तरी सांगायचं होतंत मला. नवरा गेलाय माझा. तुम्हाला एक पॉइंट इकडचा तिकडं करता येत नाही ना? मीटरच्या बाबतीत येत नाही, ते ठीक. माझ्या बाबतीतही येत नाही?"

तिचा राग खरा होता, एक पॉइंटही जास्त नव्हता. तो उठला. ती त्याला या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तांब्या तसाच भरलेला राहिला.

पहाटे पाचला बाई आल्या, आणि खरं म्हणजे काटाला वाटलं होतं की येणार नाहीत. मॅनेजरही आला होता, दाढी न करता. एकवीस ड्रायव्हर भिंतीला टेकून उभे होते, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बाईंनी चिकटपट्टीवरची आपली सही पाहिली, पट्टी काढली आणि काटाचं मीटर लावलं. सव्वीस. दुसरी गाडी, पंचवीस. तिसरी, पंचवीस. त्यांनी टायरवर तळवा ठेवला, तसाच ठेवून थोडा वेळ थांबल्या.

"गार आहे," त्या म्हणाल्या.

"होय," काटा म्हणाला.

त्यांनी मोडलेली सात नंबरची गाडी आणि ती वही, दोन्ही ताब्यात घ्यायला सांगितलं. वेग ओलांडल्याचा कुठलाही पुरावा नसल्याचं आणि टायरमध्ये हवा कमी असल्याचं लिहिलं आणि मॅनेजरला पानाखाली सही करायला लावली. फुली कुणी काढून दिली नाही, त्यानं जागा आपणच शोधली. मग खिशातून पंपाची किल्ली काढली आणि काटापुढं धरली.

"काका, मला खरंच वाटलं होतं की..."

"माहीत आहे," काटा म्हणाला. "म्हणून तर राग जात नाही." त्यानं किल्ली घेतली.

पंप धडधडायला लागला. एकेक गाडी रांगेत आली, एकेक टायर तेहतीसवर आला. काटानं नवी वही उघडली, पट्टीनं ओळी आखल्या, आकडे भरले. उजाडता उजाडता पहिली गाडी फाटकापाशी गेली आणि तिथंच थांबली. ड्रायव्हरनं काच खाली केली.

"काका, निघू का?"

"हवा झाली ना? मग जा की."

गाडी हलेना. मागं दुसरी येऊन उभी राहिली, तिच्यामागं तिसरी. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. ड्रायव्हर समोर रस्त्याकडं बघत बसला होता. काटाला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं, मान वर केली आणि त्या माणसाच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"जा," तो म्हणाला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "जा, मर तिकडं."

"वाढलं आयुष्य," ड्रायव्हर म्हणाला आणि निघाला.

बाई आपल्या गाडीपाशी थांबून हे सगळं बघत होत्या. त्यांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी विचारलं नाही. काटानं एकवीस वेळा मान वर केली आणि एकवीस वेळा म्हटलं. शेवटची गाडी गेल्यावर फाटकाशी धूळ खाली बसली. त्यानं वही मिटायला घेतली. हातानं सवयीनं ओळी बावीसच आखल्या होत्या. सातवी कोरी होती.